गुंतवणूक आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन: पेपर सुटतो, मग प्रकल्पाची शीट का चुकते?

ताळगाव_पठार
नमस्कार मंडळी. एम.कॉम.ला गुंतवणूक विश्लेषण आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन हा विषय आहे. मार्कोविट्झचे पोर्टफोलिओचे गणित, कॅपएम (जोखमीवरून अपेक्षित परतावा काढणारे सूत्र), बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो), रोख्यांचे मूल्यांकन ही गणिते पेपरात सुटतात. अडते ते प्रकल्पात. निफ्टी ५० मधले १० शेअर घेतले, ५ वर्षांचे महिनाअखेरचे भाव उतरवून एक्सेलमध्ये मांडले. आता तीन गोष्टींचा उलगडा होत नाही.

एक, रिलायन्सच्या रकान्यात ऑक्टोबर २०२४ ला निम्म्याहून जास्त पडझड दिसते. दोन, पोर्टफोलिओचा मासिक सरासरी परतावा १.४ टक्के, मासिक स्टँडर्ड डेव्हिएशन (परताव्यातला चढउतार) ५ टक्के आणि जोखीममुक्त दर ६.५ टक्के धरून शार्प गुणोत्तर (जोखीममुक्त दरावरचा परतावा भागिले डेव्हिएशन) २.०६ येते. एवढे मोठे असू शकते का? तीन, एक्सेलच्या सॉल्व्हरला (सर्वांत चांगले वाटे शोधणाऱ्या साधनाला) शार्प सर्वाधिक करायला सांगितले की तो १० पैकी २ शेअरांतच सगळे पैसे टाकतो, बाकी ८ शून्य. मग विविधीकरण शिकलो ते कुठे गेले?

सबमिशन चवथीनंतर आहे. हा विषय पायापासून नीट शिकायचा तर कोणत्या क्रमाने शिकावा, तेही सांगा.

आकडेमोड
दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण तो एका ओळीत सुटतो. १.४ गुणिले १२ म्हणजे वार्षिक १६.८ टक्के. त्यातून जोखीममुक्त दर ६.५ वजा केलास, उरले १०.३. आणि भागलेस कशाने? ५ ने, म्हणजे मासिक डेव्हिएशनने. वर वार्षिक, खाली मासिक. परतावा १२ ने गुणायचा, डेव्हिएशन १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने. ५ चे १७.३ होतात आणि शार्प ०.५९ येते. शेअरांच्या पोर्टफोलिओचे शार्प १ च्या वर दिसले की आधी आपल्या एककांवर संशय घ्यावा. याच्या उलट चूकही खूप जण करतात: मासिक परताव्यातून वार्षिक ६.५ वजा करतात आणि सगळे शेअर तोट्यात दाखवतात. ६.५ चा मासिक दर साधारण ०.५३ टक्के.

क्रमाचे म्हणशील तर परताव्यापासून सुरुवात कर. तो धडा सोपा वाटतो म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात. १०० रुपये पहिल्या वर्षी ५० टक्के वाढले, दुसऱ्या वर्षी ४० टक्के पडले. साधी सरासरी अधिक ५ टक्के. हातात मात्र ९० रुपये, म्हणजे भूमितीय सरासरी उणे ५.१३ टक्के. पुढच्या एका काळाची अपेक्षा सांगायची तर साधी सरासरी. मागच्या अनेक वर्षांत पैशाचे प्रत्यक्ष काय झाले हे सांगायचे तर भूमितीय. मार्कोविट्झच्या गणितात साधी सरासरी जाते. प्रकल्पाच्या निष्कर्षात 'गुंतवणूकदाराला इतका परतावा मिळाला' असे लिहायचे असेल तर भूमितीय द्यावी लागते.

त्यानंतर दोनच मालमत्तांचा पोर्टफोलिओ वहीवर, हाताने. एक्सेल नको. मी आकडे देतो:

अ: अपेक्षित परतावा १४, डेव्हिएशन २४
ब: परतावा ९, डेव्हिएशन १२
सहसंबंध (दोघे किती एकत्र हलतात) ०.२, म्हणून कोव्हेरियन्स ०.२ × २४ × १२ = ५७.६

अर्धे-अर्धे ठेवले तर व्हेरियन्स (डेव्हिएशनचा वर्ग) = ०.२५ × ५७६ + ०.२५ × १४४ + २ × ०.२५ × ५७.६ = २०८.८. वर्गमूळ १४.४५. डेव्हिएशनची नुसती सरासरी काढली असती तर १८ आली असती. मधला साडेतीन टक्क्यांचा फरक म्हणजेच विविधीकरण.

आता सगळ्यात कमी जोखमीचे मिश्रण काढ: अ चा वाटा = (१४४ − ५७.६) ÷ (५७६ + १४४ − ११५.२) = ०.१४२९, म्हणजे बरोबर एक सप्तमांश. डेव्हिएशन ११.४७. हे थांबून बघण्यासारखे आहे. ब एकट्याचे डेव्हिएशन १२ होते. त्यात दुप्पट जोखमीचा अ मिसळला आणि जोखीम उलट खाली आली. परतावाही ९ वरून ९.७१ झाला. मार्कोविट्झनी १९५२ साली मांडलेली गोष्ट ही एवढीच: शेअर एकटा किती हलतो हे दुय्यम, तो आपल्या बाकीच्या शेअरांबरोबर कसा हलतो हे महत्त्वाचे.

खाजन_बांध
पहिला प्रश्न माझ्या वाट्याचा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा. भागधारकाचे काही गेले नाही, पण तुझ्या शीटला ते कळत नाही. कच्चा बंद भाव घेतला की बोनस, विभाजन आणि लाभांश हे तिन्ही खोटे तोटे म्हणून दिसतात. त्या एका खोट्या महिन्याने सरासरी तर पडतेच, डेव्हिएशन भलतेच फुगते आणि बाकी नऊ शेअरांशी असलेला सहसंबंध विस्कटतो. समायोजित भाव घे. तेवढ्यावरही विसंबू नकोस. काही ठिकाणचा समायोजित भाव फक्त बोनस आणि विभाजन धरतो, लाभांश नाही. तपासायची युक्ती: शीटमध्ये उणे २५ पेक्षा खालचे आणि अधिक ३० पेक्षा वरचे सगळे मासिक परतावे रंगव आणि प्रत्येकासाठी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कॉर्पोरेट अॅक्शन बघ. दहा शेअर, साठ महिने, सहाशे खाने. तासाभराचे काम आहे.

तुलनेला निर्देशांक कोणता घेतलास? साधा निफ्टी ५० हा नुसत्या भावांचा निर्देशांक आहे, त्यात लाभांश नाही. शेअरांचे परतावे लाभांश धरून आणि निर्देशांक लाभांश सोडून, अशी तुलना केली तर वर्षाला एक-दीड टक्का फुकटचा अल्फा (बाजारापेक्षा जास्तीचा परतावा) मिळतो. लाभांश धरणारा टोटल रिटर्न निर्देशांक घे. म्युच्युअल फंडांनाही सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून त्याच्याशीच तुलना करायला लावले आहे.

आणखी एक, जे परीक्षक हमखास विचारतात. आजच्या निफ्टीतले दहा शेअर निवडून मागची पाच वर्षे तपासलीस, म्हणजे जे टिकले तेच घेतले. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टी ५० मधून बाहेर गेली. आजच्या यादीतून निवडणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यामुळे परतावा वाढीव दिसतो. शेअर निवडायचे तर अभ्यासाच्या काळाच्या सुरुवातीला जी यादी होती तिच्यातून निवड. ते जमत नसेल तर मर्यादा म्हणून स्पष्ट लिही, पण लपवू नकोस.

एक्सेलचे बारकावे: डेटा अॅनालिसिस टूलपॅकमधले कोव्हेरियन्स n ने भागते, व्हेरियन्ससाठी तू बहुधा n−१ चे सूत्र वापरतोस. ६० निरीक्षणांत फरक दोनेक टक्क्यांचाच, पण एकाच गणितात दोन्ही मिसळले की उत्तर जुळत नाही आणि चूक कुठे ते सापडता सापडत नाही. कोव्हेरियन्स डॉट एस वापर, सगळीकडे तेच. शिवाय टूलपॅक मॅट्रिक्सचा खालचाच त्रिकोण भरतो. वरचा रिकामा राहिला तर मॅट्रिक्स गुणणारे एमएमयूएलटी सूत्र चूक दाखवते. उलटे उतरवून पूर्ण भर.

शुक्रवारचा_बाजार
मीही याच विषयाला आहे. कमीत कमी जोखमीच्या सूत्राने माझ्या दोन शेअरांत अ चा वाटा उणे १८ टक्के आला. सूत्र दोनदा तपासले. चूक कुठे असेल?

आकडेमोड
चूक नसेलच कदाचित. वरच्या उदाहरणात अंश बघ: ब चा व्हेरियन्स वजा कोव्हेरियन्स. सहसंबंध जसा वाढेल तसा अंश लहान होतो. १२ भागिले २४, म्हणजे ०.५ ला तो शून्य होतो आणि त्यापुढे उणे. याचा अर्थ, सहसंबंध दोन डेव्हिएशनच्या गुणोत्तरापेक्षा जास्त असेल तर जास्त हलणारा शेअर मिसळून जोखीम कमी होत नाही. कमी करायची तर तो शॉर्ट करावा, म्हणजे उसना घेऊन विकावा लागतो. तुझे दोन्ही शेअर एकाच क्षेत्रातले आहेत का बघ. दोन खासगी बँका घेतल्या की हे व्हायचेच. सामान्य गुंतवणूकदाराला डिलिव्हरीत शॉर्ट करून महिनोन्‌महिने ठेवता येत नाही, म्हणून वाटा शून्य घे आणि कारण लिही. ते कारण हेच तुझे उत्तर आहे.

सॉल्व्हरमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे 'चल ऋण नसावेत' ही खूण आधीच केलेली असते. पद्धत जीआरजी नॉनलिनियर ठेव. व्हेरियन्स वर्गाचे पद असल्यामुळे सिम्प्लेक्स चालत नाही. आणि वाट्यांची बेरीज १ ही अट विसरलात तर उत्तर हास्यास्पद येते.

खाजन_बांध
सुरुवातीचे वाटेही बदलून बघा. एकदा सगळे समान, एकदा एकाच शेअरात सगळे. दोन्हीकडून एकच उत्तर आले तरच विश्वास ठेवा.

आकडेमोड
आता मूळ तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. सॉल्व्हर दोनच शेअर का निवडतो?

पुन्हा अ आणि ब घे. जोखीममुक्त दर ६.५. शार्प सर्वाधिक करणारे मिश्रण काढले तर अ ४८ टक्के, ब ५२ टक्के, आणि शार्प ०.३५. अ एकट्याचे ०.३१, ब एकट्याचे ०.२१, म्हणजे मिश्रण दोघांपेक्षा सरस. ठीक. आता फक्त ब चा अपेक्षित परतावा ९ ऐवजी ८ धर. बाकी काही हलवू नकोस. अ चा वाटा ४८ वरून ७० टक्क्यांवर जातो. एका टक्क्याच्या अंदाजाने पोर्टफोलिओतला पाचवा हिस्सा इकडचा तिकडे.

मग विचार, तो ९ की ८ हे आपल्याला माहीत कसे? मागच्या पाच वर्षांची सरासरी. अ चे वार्षिक डेव्हिएशन २४; पाच वर्षांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो) २४ भागिले ५ चे वर्गमूळ, म्हणजे १०.७ टक्के. १४ टक्के परतावा, आणि त्यात पावणेअकरा इकडेतिकडे. ही त्रुटी २ टक्क्यांवर आणायची तर १४४ वर्षांची माहिती लागेल. रोजचे भाव घेऊनही सुटका नाही. निरीक्षणे वाढली की डेव्हिएशन आणि कोव्हेरियन्स चांगले मोजता येतात, सरासरी नाही. ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भावावर आणि मधल्या वर्षांवर ठरते.

म्हणजे सॉल्व्हर मूर्ख नाही. आपण दिलेली सरासरी तो अगदी खरी मानतो. मागच्या पाच वर्षांत योगायोगाने जे दोन शेअर खूप वाढले त्यांनाच तो उचलतो. विविधीकरण कुठे गेले? ते आपण दिलेल्या खोट्या खात्रीने खाल्ले.

यावर प्रकल्पात करण्यासारखे: सरासरी परताव्याचा रकानाच वापरू नकोस, फक्त कमीत कमी जोखमीचा पोर्टफोलिओ काढ. तो कोव्हेरियन्सवरच चालतो, म्हणून जास्त स्थिर. दुसरा मार्ग, प्रत्येक शेअरचा अपेक्षित परतावा कॅपएमने काढ: जोखीममुक्त दर अधिक बीटा गुणिले बाजाराचे अधिमूल्य (जोखीममुक्त दरावर बाजार देतो तो जास्तीचा परतावा). तिसरा, एका शेअरात २० टक्क्यांची कमाल मर्यादा. आणि या सगळ्यांच्या शेजारी एक रकाना समान वाट्यांचा ठेवच, दहाही शेअरांना दहा-दहा टक्के. पहिल्या ३६ महिन्यांवर वाटे ठरव, उरलेल्या २४ महिन्यांवर सगळे तपास. ज्या माहितीवर वाटे काढले तिच्यावरच निकाल दाखवणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी बघून पेपर देणे.

शेअर जास्त घेण्याचा मोह टाळ. १० शेअरांना सहसंबंधाच्या ४५ जोड्या, ५० ना १,२२५. आणि ३६ महिन्यांवर ५० शेअरांचे मॅट्रिक्स केलेस आणि उणे वाट्यांची मुभा दिलीस तर सॉल्व्हर शून्य जोखमीचा पोर्टफोलिओ 'शोधून' देईल. महिने शेअरांपेक्षा कमी असले की ते व्हायचेच.

कुळागर
आकडेमोड यांनी शेअरांचे नीट सांगितले. मी रोख्यांच्या बाजूने भर घालतो, कारण विद्यार्थी जोखीममुक्त दर म्हणून बँकेच्या मुदत ठेवीचा दर टाकतात. तसे नको. ९१ दिवसांची ट्रेझरी बिले रिझर्व्ह बँक दर बुधवारी लिलावाने विकते, तो दर घ्यावा. बिलावर व्याज नसते, ते कमी किमतीला मिळते. ९८.४० ला घेतले आणि १०० मिळाले तर दर = १.६० ÷ ९८.४० × ३६५ ÷ ९१ = ६.५२ टक्के. आणि पाच वर्षांच्या अभ्यासाला आजचा दर लावू नका. ज्या महिन्याचा परतावा त्या महिन्याचा दर. २०२० चे दर आणि २०२३ चे दर यांत फार अंतर होते.

'सरकारी रोखा म्हणजे जोखीम नाही' हेही अर्धेच खरे. बुडण्याची भीती नाही, भाव पडण्याची आहे. १० वर्षांचा ७ टक्क्यांचा रोखा, व्याज वर्षातून एकदा धरू, भाव १००. सुधारित कालावधी (दर एक टक्का हलला तर भाव साधारण किती टक्के हलतो) ७.०२. बाजारातला दर ८ झाला तर भाव ७.०२ ने पडेल असा अंदाज. प्रत्यक्ष किंमत काढली तर ९३.२९, म्हणजे ६.७१ ची घट. उरलेले ०.३१ हे वक्रतेचे, म्हणजे दर आणि भाव यांचे नाते सरळ रेषेत नसल्याचे. पेपरात कालावधीचे सूत्र सगळे लिहितात, हा फरक कुठून आला ते थोडेच सांगतात. आपले प्रत्यक्ष रोखे सहामाही व्याज देतात, म्हणून दर अर्धा आणि हप्ते दुप्पट धरायचे.

शुक्रवारचा_बाजार
कुळागर काका, एक शंका. वर्गात कमी सहसंबंधाचे स्थानिक उदाहरण मागितले आहे. मासेमारीचा ट्रॉलर आणि किनाऱ्यावरचा शॅक (हंगामी खाद्यगृह) असे दोन धंदे चालतील का?

कुळागर
चालतील, पण उलट बाजूने. गोव्यात मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, शॅकही पावसाळ्यात उतरवलेले. धंदे वेगळे दिसतात, बंद मात्र एकाच वेळी. आणि त्यातही एक मेख आहे: जून येणार आणि जाळी वाळत पडणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. जे ठाऊक आहे ती जोखीम नव्हे, ते वेळापत्रक. सहसंबंध मोजायचा तो अपेक्षेपेक्षा किती चुकले त्याचा. हंगामी चढउतार काढून टाकून मगच मोजा.

याहून चांगले उदाहरण गोव्यातल्या खाणींचे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुढे बंदी उठली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. डिचोली, सांगे, केपे, सत्तरी या खाणींच्या तालुक्यांतल्या २०१२ मधल्या एखाद्या घराची कल्पना करा: एक जण खाण कंपनीत नोकरीला, दारात कर्जाने घेतलेला खनिजवाहू ट्रक, गावातच भाड्याने दिलेल्या खोल्या, डिमॅटमध्ये सेझा गोवा या खाण कंपनीचे शेअर. कागदावर चार मिळकती. न्यायालयाच्या एका आदेशात चारही एकाच दिवशी हलल्या. पगार, ट्रकची फेरी, भाडेकरू आणि शेअर. म्हणून पोर्टफोलिओ मोजताना डिमॅटपासून सुरुवात करू नये. पगार कुठून येतो आणि जमीन कुठे आहे तिथून करावी. ज्या घराची भाकरी पर्यटनावर आहे त्याने हॉटेल आणि विमान कंपन्यांचे शेअर घेणे म्हणजे तोच डाव दुप्पट करणे. प्रकल्पाला हा एक परिच्छेद जोडलात तर तो गोव्यात केलेला प्रकल्प वाटेल.

दूधसागर
खर्च आणि कर यांचा रकाना कोणाच्याच प्रकल्पात नसतो, म्हणून लिहितो. दर महिन्याला वाटे पूर्ववत करायचे असे गृहीत धरता, पण डिलिव्हरीत खरेदीला आणि विक्रीला दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) आहे, खरेदीला ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, वर ब्रोकरेज आणि भावातली तफावत. २३ जुलै २०२४ पासून शेअर १२ महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर. त्यानंतर विकले तर वर्षाला १.२५ लाखांपुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. म्हणून मासिक फेरबदलाऐवजी पट्टा ठेवा. लक्ष्य २० टक्के असेल तर वाटा १५ ते २५ च्या बाहेर गेला तरच हात लावायचा. जिथे नवी रक्कम येते तिथे विक्री न करता कमी पडलेल्या शेअरात ती टाकली की कर लागतच नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांच्या (रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांच्या) नफ्यावर तर ते कितीही वर्षे ठेवले तरी स्लॅबच्या दराने कर लागतो, तेव्हा रोखे आणि शेअर यांचे प्रमाण सांभाळताना शक्यतो त्या बाजूने विकून नफा काढू नये.

ताळगाव_पठार
सगळ्यांना देव बरें करूं. समायोजित भाव घातल्यावर रिलायन्सची दरी गेली, शार्प ०.५९ वरून थोडे हलले. २० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा सहा शेअर उरले. २४ महिन्यांच्या तपासणीत समान वाट्यांचा रकाना सॉल्व्हरच्या पुढे निघाला. हे निष्कर्षात लिहिले तर मार्क जातील का? आणि कामगिरीसाठी शार्प, ट्रेनॉर (डेव्हिएशनऐवजी बीटाने भागणारे), जेन्सन (कॅपएमच्या अपेक्षेवरचा अल्फा) ही तिन्ही मापे द्यायची का?

आकडेमोड
लिहीच. तोच तुझा निष्कर्ष आहे, आणि का झाले ते वरच्या प्रमाण त्रुटीने समजावता येते.

तिन्ही देऊन टाकणे ही सवय सोड. हा पोर्टफोलिओ म्हणजेच माणसाची सगळी बचत असेल तर शार्प, कारण त्याला एकूण जोखीम सोसायची आहे. मोठ्या, आधीच विविध असलेल्या गुंतवणुकीचा हा एक तुकडा असेल तर ट्रेनॉर, कारण तिथे फक्त बीटा उरतो. जेन्सनचा अल्फा द्यायचा तर त्याची टी-किंमतही (अल्फा भागिले त्याची प्रमाण त्रुटी) दे. ६० महिन्यांत ती २ च्या खाली असेल तर अल्फा आहे असे म्हणू नकोस. बीटा काढताना एक्सेलच्या स्लोप सूत्रात आधी शेअरचा रकाना, मग निर्देशांकाचा. उलटे झाले तरी एक्सेल काही बोलत नाही, आकडा तेवढा चुकतो.

शुक्रवारचा_बाजार
याच्या जोडीला एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) कोणती परीक्षा द्यावी?

दूधसागर
फंड वितरणाकडे जायचे असेल तर ५-अ: १०० प्रश्न, २ तास, ५० गुणांना पास, चुकीला वजावट नाही, प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. संशोधनाकडे कल असेल तर १५ क्रमांकाची रिसर्च अॅनालिस्टची. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून ताळेबंद वाचायची सवय झाल्याशिवाय बसू नये. पोर्टफोलिओ मॅनेजरची २१ क्रमांकाची मालिका घाईने देण्यात अर्थ नाही. त्या सेवेत ग्राहकाची किमान गुंतवणूकच ५० लाख असते, नवख्याच्या हाती ते काम येत नाही.

खाजन_बांध
पठार, सबमिशनआधी एक कर. कच्चे भाव एका शीटवर, परतावे दुसऱ्यावर, गणिते तिसऱ्यावर ठेव आणि कच्च्या शीटला हात लावू नकोस. तोंडी परीक्षेत 'हा आकडा कुठून आला' विचारले की तीन क्लिकांत मूळ भावापर्यंत जाता आले पाहिजे. आणि सुट्टीमुळे एखाद्या महिन्याची शेवटची तारीख दोन शेअरांत वेगळी उतरली नाही ना, तेवढे आज बघून घे.